उकरून पाहिलेली तुळस

मी भाड्याने खोली बघायला गेले, तेव्हा मी अर्ध्या जिन्यात होते आणि घरमालक वरून खाली येत होते. "पाह्यली? झालं? घेता का?" मी अजून खोलीचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. म्हटलं, "अहो, बघू तरी द्या!" तर म्हणाले, "त्यात काय पाहाचं? भिंती हायेत, खिडकी हाय, नळ सकाळी येते. चला पुढं." आणि खरोखरच माझ्या अंगावरून खाली उतरून फाटकाबाहेर निघून गेले. खोली मला त्यांच्या बायकोने दाखवली, कपाटाचं दार कसं अडकतं आणि ते कसं उचलून लावायचं इथपासून सगळं. दोघंही तसे वऱ्हाडीच, पण एक पळणारा आणि एक बसून असणारी.

अख्खी गल्ली त्यांना काकाजी आणि काकू म्हणायची, मीही म्हणू लागले. तेव्हा मी अमरावतीच्या एका कचेरीत नोकरीला होते. आता बदली होऊन अकोल्यात आहे, पण कुणी घाईघाईने दार उघडलं की मला अजूनही वाटतं, काकाजी आले.

काकाजी कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचे. कोणत्या क्लासमध्ये, हे सांगणं अवघड आहे, कारण ते एका जागी टिकत नसत. अमरावतीत क्लासेसना तोटा नाही, एक सोडला की दुसरा होताच. पोट्ट्यांचा त्यांच्यावर फार जीव. गणित वाचून पूर्ण व्हायच्या आत हे उत्तर सांगून मोकळे, आणि मग ते उत्तर कसं आलं हे फळ्यापासून दारापर्यंत येरझारा घालत सांगणार. क्लासचे मालक मात्र वैतागायचे. वर्षभराचा अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत संपवून हे मोकळे व्हायचे आणि म्हणायचे, "माह्यं झालं. मी चाललो."

त्यांचे वडील भिक्षुकी करायचे. वडील आजारी पडले की लहानपणी सत्यनारायण सांगायला यांना पाठवायचे. चहाला उकळी फुटायच्या आत हे साधुवाण्याची नाव बुडवून, परत वर काढून, आरतीला उभे राहिलेले असत. म्हणे यजमान खूश असायचे. काकू ही गोष्ट हसत सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "आमच्या लग्नातबी भटजीले म्हणे, आटपा लवकर."

जेवायचे ते हातात ताट घेऊन, चालता चालता. स्वयंपाकघरातून बैठकीत, बैठकीतून व्हरांड्यात. जमिनीवर शितं सांडत जायची, आणि काकू वाटीत वरण घेऊन बसलेल्या असायच्या, ते फिरून आले की वाढायच्या. रस्त्यात ऑटो सिग्नलला थांबला की हे उतरून चालायला लागायचे. सिग्नल सुटला की ऑटोवाला मागून येऊन ओरडायचा, "काकाजी, बसा ना बाप्पा, काहून तमाशा करता!" एकदा बडनेऱ्याला जायचं होतं. बस येईना म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले, तिथेही धीर निघेना म्हणून त्याच्या पुढच्या. दोन थांब्यांच्या मधे असले की नेमकी बस यायची आणि निघून जायची. असं करत करत ते भर उन्हात बडनेऱ्याला पायी पोचले. मी स्कूटीवरून परत येत होते, तर हे घामाने निथळत उभे. मागे बसा म्हटलं, तर बसले, आणि अख्ख्या रस्त्याने मला म्हणाले, "घे ना समोर, घे ना."

मला या माणसाचा राग यायचा. स्पष्टच सांगते. मला सगळं जागच्या जागी आवडतं, आणि हा माणूस घरात असला की भिंतीसुद्धा हलल्यासारख्या वाटायच्या. काकूंना विचारलं, "तुम्ही कसं सहन करता हो?" तर म्हणाल्या, "अवं, मी कुठी त्यांच्या मांगं पयते? मी बसून राह्यते. थे फिरून फिरून इथीच येतात."

आणि एकदा ते तसे आले नाहीत.

काकूंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, अकोल्याला. काकूंचे भाऊ तिथे वकिली करतात, म्हणून तिथे करायचं ठरलं. सकाळी जायचं, दुपारी बाहेर. काकाजींनी दवाखान्यात बाहेर बसायचं होतं, एवढंच काम. काकूंनी त्यांच्याकडे आपली पिशवी दिली, चष्मा दिला आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याला चष्म्याशिवाय धड दिसत नाही, आणि बाहेर कुणी नाही. सिस्टरने नाव घेऊन दोनदा हाका मारल्या. काकू भिंतीला हात लावून उभ्या. शेवटी सिस्टरनेच त्यांच्या भावाला फोन केला आणि ते कोर्टातून धावत आले.

मी तेव्हा अमरावतीला घरीच होते. संध्याकाळी फाटक वाजलं. काकाजी एकटे. हातात काकूंची पिशवी, शर्टाच्या खिशात काकूंचा चष्मा. विचारलं, "काकू कुठं आहेत?" तर म्हणाले, "हाय. अकोल्याले हाय." "ऑपरेशन कसं झालं?" पिशवी ठेवली, उचलली, परत ठेवली. मग फाटकातून बाहेर गेले. माझा संताप संताप झाला. बायकोला अशा अवस्थेत सोडून कुणी बसमध्ये बसतं का?

काकू भावाकडेच राहिल्या. पुढच्या आठवड्यात काकाजी आणायला गेले तर भाऊ दारातच उभे राहिले, म्हणाले, आता ताई इथंच राहील. काकू बाहेर आल्याच नाहीत. काकाजींनी नेलेली पिशवी काकूंच्या वहिनी आत घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने त्यातलंच एक लहान पाकीट घेऊन बाहेर आल्या. बियांचं पाकीट. मागे एका हिवाळ्यात अकोल्याच्या कृषी प्रदर्शनातून काकूंनी हौसेने आणलेलं. शोभेची तुळस. देवाची नाही, विलायती. जांभळी पानं, जांभळे तुरे, घरात कुंडीत लावायची. कुंडी आणा म्हणून काकू मागे लागायच्या आणि काकाजी "हो हो, चला पुढं" म्हणून सटकायचे. ते पाकीट तेव्हापासून पिशवीत पडून होतं.

वहिनींनी आतला निरोप सांगितला. "ताई म्हणतात, हे घरात लावा. घरात म्हणजे घरातच, अंगणात नाही. अंगणात लावाल तर तसेच फाटकाबाहेर जाल. याला फूल आलं की मी येते. नाही आलं तर येत नाही."

हे सगळं मला काकाजींनीच सांगितलं, माझ्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. मग वळता वळता म्हणाले, "काहून वं पोरी, तुळस किती दिवसांत येते?"

कुंडी आली, माती आली, शेणखत आलं, सगळं एका दुपारी. बैठकीत पूर्वेच्या खिडकीशी स्टूल, त्यावर कुंडी. ज्या माणसाच्या नातलगांनी जन्मभर सरकी आणि तूर पेरली, तो तुळशीचं बी कसं पेरणार? बोटभर खोल खुपसलं. तीळसुद्धा मोठा म्हणावा असलं ते बी! आणि दुसऱ्याच दिवसापासून काकूंच्या शिवणाच्या डबीतली सुई घेऊन हे उकरायला लागले.

मी खाली आले की बघावं तर काकाजी कुंडीवर वाकलेले. सुईच्या टोकावर सब्जासारखा फुगलेला, बुळबुळीत दाणा.

"काकाजी! अहो, काय करताय?"

"पाहून राह्यलो."

"रोज उकरलं तर उगवेल कसं ते?"

"मेलं तं नसन ना? पाहाले नको?"

"नाही मेलं. जागेवर ठेवा."

"तुले काय माईत?" असं म्हणून दाणा परत खुपसायचे आणि बाहेर जायचे. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे. परत सुई. त्यांनी ते बी इतक्या वेळा काढलं आणि घातलं, की त्या बियालाच कळेनासं झालं असेल आपण जमिनीत आहोत की बाहेर. काही उगवलं नाही, उगवणारच नव्हतं. पाकिटातलं बी मात्र बरंचसं संपलं.

मला अमरावतीहून पातूरला माझ्या घरी जायचं तर अकोल्याला बस बदलावी लागते. म्हणजे मी आपोआपच दोघांमधली टपालवाली झाले. काकू भावाच्या घरी मागच्या पडवीत बसलेल्या असायच्या, डोळ्यावर काळा चष्मा. मला बघताच पहिला प्रश्न, "आलं का?" मी म्हटलं, "काकू, ते सुईने उकरून बघतात." काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "थे पाहतीनच. माणूसच तसा." आणि मग हळूच, "रागवली का तू त्यांच्यावर? नको रागवू."

मला काही कळेना. जिच्यावर प्रसंग आला तीच सांगते रागवू नको! मी तर मनातून ठरवलं होतं की या बाईने परत जाऊच नये.

दुसऱ्यांदा पेरताना मी मोबाईलवर बघून सांगितलं की बी खोल घालायचं नसतं, वर नुसतं भुरभुरवायचं, वरून चिमूटभर माती, आणि हात लावायचा नाही. उन्हाळा लागला होता, कूलर लागले होते. आणि खरंच एका सकाळी खालून काकाजींची आरोळी आली. मला वाटलं साप निघाला. धावत गेले तर मातीत हिरवे ठिपके. इवलाली दोन-दोन पानं. काकाजी स्टुलाभोवती अक्षरशः नाचत होते. त्या दिवशी ते क्लासला गेलेच नाहीत.

पण समोरच्या घरातल्या वहिनींनी खिडकीतून कुंडी पाहिली. आता यात त्यांची चूक म्हणावी तर ती वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईने केली असती. घरात बाई नाही, घरात तुळस आली, तर तिला पाणी कोण घालणार? त्या रोज सकाळी देवळातून येताना हात खिडकीतून आत घालून तांब्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायच्या, वरून हळद-कुंकू. काकाजीही घालायचे, दिवसातून वाट्टेल तेव्हा. त्यात कूलरचं दमट वारं. रोपं बुडाशी मऊ पडली आणि एकेक करून आडवी झाली. मातीवर नुसतं कुंकू.

काकाजी समोर जाऊन गरजले, "अवो वहिनी, थे देवाची तुळस नोहे! शोभेची हाय! सब्जाच्या जातीची हाय!"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "असू द्या ना काकाजी. तुळस थे तुळसच. काकू नाहीत तं म्या घातलं पाणी. मले का तरास हाय?"

काकाजी फाटकात उभे राहिले, आत आले, आणि मी पहिल्यांदा त्या माणसाला चालता चालता थांबलेलं पाहिलं. पाकीट उलटं करून तळहातावर झटकलं. एक चिमूटभर बी निघालं. तेवढंच उरलं होतं.

त्याच शनिवारी मी अकोल्याला गेले तर काकूंच्या भावाने मागची खोली रंगवून घेतली होती. नवा पलंग, नवे पडदे. भाऊ मला म्हणाले, "ताईला आता इथं कायमचं बरं पडेल. तुम्ही सांगा तिकडे." मी येऊन सांगितलं. काकाजी म्हणाले, "पडदे कोनत्या रंगाचे हायेत?" मी म्हटलं, "पांढरे." म्हणाले, "तिले पांढरे नाही आवडत." आणि माझ्या हातात काकूंची सुयांची डबी दिली. "वर ठेव. मी मांगतली तरी नको देऊ."

ती शेवटची चिमूट पेरल्यावर त्यांनी काय केलं, ते मला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. त्यांनी क्लास सोडला, यात नवल नाही. पण या वेळी पोट्ट्यांना घरी बोलावलं. भिंतीपाशी सतरंजी, खिडकीपासून हातभर पुढे ओढलेलं स्टूल, स्टुलावर कुंडी, आणि काकाजी शिकवता शिकवता त्या कुंडीभोवती फिरायचे. फिरण्यावाचून त्यांना शिकवता येत नव्हतं आणि कुंडी सोडून जायचं नव्हतं, मग करणार काय? त्रिकोणमिती सांगत गोल गोल. प्रत्येक फेरीला कुंडीला बोटाने जरासा हिसका देऊन वळवायचे. रोप खिडकीकडे झुकत असतं म्हणे, त्यामुळे ते सरळ राहिलं. समोरच्या वहिनी खिडकीशी उभ्या राहून हात जोडायच्या आणि अख्ख्या गल्लीला सांगायच्या, "काकाजी तुळशीले प्रदक्षिणा घालून राह्यले बाप्पा! लेकरांसमोर!" पाणी मात्र त्या आता फाटकाबाहेरच्या झाडाला घालत.

मधे मधे ते वर यायचे. "पोरी, थे डबी दे जरा."

"नाही देणार."

"एकच डाव. पाहतो फक्त."

"नाही."

"खालची मुळं सडली असली तं?"

"काकाजी, जा खाली."

जायचे. जिन्यातून त्यांची पावलं खाली आणि परत वर, परत खाली ऐकू यायची. माझं डोकं उठायचं. पण कधी कधी हातातलं काम टाकून मीच खाली जाऊन बघून यायचे, आलं का म्हणून. रोप आलं. आधी हिरवं, मग पानांच्या शिरा जांभळ्या, मग सगळं पानच वांग्यासारखं जांभळं. चुरगळलं की लवंगेसारखा वास. काकाजी वासासाठीसुद्धा पान तोडू द्यायचे नाहीत. मी बोट नुसतं घासून घेतलं, तर दिवसभर माझ्याकडे संशयाने बघत होते.

तिकडे अकोल्यात काकूंचं काहीतरी बिघडत चाललं होतं. मला कचेरीत फोन. "कशी हाय?" "बरी आहे, वाढतेय." "किती वाढली?" "वीतभर." "कालबी वीतभरच सांगतली होती!" परवा फोन, आज फोन. मी पातूरला जाताना डोकावले तर काकू पडवीतून उठून दारापर्यंत, दारातून फाटकापर्यंत. त्यांच्या वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताईंना काय झालंय कळत नाही, एका जागी बसतच नाहीत." मी सांगितलं, "काकू, शेंड्याला तुरा धरल्यासारखा दिसतोय. कळ्या आहेत बारीक." काकूंनी माझा हात घट्ट धरला, म्हणाल्या, "खरं सांगतं?"

पुढच्या रविवारी दुपारी फाटकाशी ऑटो थांबला. काकू. एकट्या, हातात पिशवी. मी वरून पाहिलं आणि धावत खाली उतरले. त्यांना धरून आत आणलं. काकाजी नेहमीसारखे कुंडीभोवती फिरत होते. बायकोला बघून जागच्या जागी थबकले, आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"फूल नाही आलं अजून."

"माईत हाय," काकू म्हणाल्या.

"मंग?"

"मंग काय? तिथी बसून बसून जीव नुसता वर-खाली होते. कधी फुलन, कधी फुलन. नाही धरवलं मले. आली."

"पण तूच म्हणली होती ना, फूल आलं की येईन म्हणून. शब्द म्हणजे शब्द. दोन-चार दिवस थांबली असती तं..."

मला हसू फुटलं. हा माणूस, हा माणूस दुसऱ्याला थांबायला सांगत होता! मी तोंडावर हात दाबला. पण काकू हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या, पिशवी मांडीवर ठेवली.

"त्या दिवशी काहून गेले होते, थे सांगा."

मी जिन्याकडे वळले, पण काकू म्हणाल्या, "बस वं तू. तूबी तिकडून इकडे लय फिरली." मी दाराशीच बसले. काकाजींनी पुन्हा चालायला सुरुवात केली. एक फेरी. दुसरी. कुंडीला हात लावला नाही.

"थांबा," काकू म्हणाल्या.

ते थांबले.

"मले भेव वाटलं," काकाजी खिडकीकडे बघत म्हणाले. "तुले आत नेलं. दार लावलं. मले वाटलं, आता हे दार उघडन, आन् कोनी तरी येऊन काही तरी सांगन. म्हणून मी उठलो. म्हटलं, जोवर मी तिथी नाही, तोवर कोनी मले काही सांगूच शकत नाही. चालत चालत स्टँडवर गेलो. बस लागली होती. बसमधे बसलो तरी वाटत होतं, आता उतरावं, आता उतरावं. नाही उतरलो."

मला स्वतःचीच लाज वाटली की काय वाटलं, ठाऊक नाही. इतके महिने मी त्या माणसावर दात खाऊन होते, आणि तो रोज सुई घेऊन बी मेलं तर नाही ना, हे बघत होता. काकूंना हे ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून ठाऊक असेल. त्यांना फक्त ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

काकूंनी काळा चष्मा काढून पदराने डोळे पुसले.

"मलेबी भेव वाटत होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तं तुमाले संग नेलं होतं."

काकाजी खुर्चीपाशी जमिनीवर बसले, आणि बसून राहिले.